दोन नाद आणि एक मोंढा



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा पुढे कधी काळी असल्या व्यासपीठावर पोती उचलणारा माणूस उभा राहील, असे त्यांच्या मनात आले असेल की नाही, कोण जाणे. आले असले तर आम्हांला आनंदच आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे मोंढ्यात, एस्टीच्या स्टँडवर आणि संघटनेच्या बैठकांत झाले. चालक मंडळी निमंत्रण घेऊन आली, तेव्हा त्यांनी विषयही आणला होता : ‘असंघटित कामगार आणि कायदा’. आम्ही म्हटले, त्या विषयावर आम्ही वर्षातले तीनशे दिवस बोलतो, आणि ऐकणाऱ्यांना तो आता आमच्यापेक्षा अधिक पाठ झाला आहे. औंढ्यात बोलावयाचे तर जन्मगावात जे उघडपणे कधी सांगितले नाही, ते सांगू द्या. आम्हांला दोन नाद आहेत, त्यांविषयी बोलतो. मंडळी जराशी गप्प झाली. मग एकाने भीत भीत विचारले, ‘हसवाल ना?’ आम्ही सांगितले, हमालाने हमी वजनाची द्यावी, हसण्याची नव्हे.

आणखी एक खुलासा. आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, तो मोठेपणा नव्हे. तीस वर्षे संघटनेत काढली की ‘मी’ हा शब्द तोंडातून निघेनासा होतो. घरीसुद्धा ‘आम्हांला चहा हवा’ म्हटले की सौभाग्यवती विचारतात, ‘किती कप?’

तर दोन नाद. पहिला चित्रकथांचा, ज्याला मुले कॉमिक्स म्हणतात त्याचा. दुसरा आयत्या वेळच्या विनोदाचा. म्हणजे हाती लिहिलेले काही नसताना चार माणसांनी लोकांसमोर उभे राहून खेळ रचावयाचा, त्याचा. आपल्याकडे ‘नाद’ हा शब्द काळजीच्या सुरात उच्चारतात. पोरगा नादी लागला म्हटले की शेजारीण पदर तोंडाला लावते. आम्ही पन्नाशी उलटली तरी नादीच आहोत. त्यात काय मिळाले, काय गमावले आणि आमच्या नादापायी दुसऱ्यांनी काय गमावले, याचा हिशेब आज आपल्यासमोर ठेवणार आहोत. संघटनेचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. हा कोणी तपासलेला नाही.

आमचे वडील मोंढ्यात हमाल. दुपारी त्यांची भाकरी पोचवून परत येताना स्टँडवरचा वर्तमानपत्रांचा गाळा लागे. त्या गाळ्यात दोरीवर अंक टांगलेले असत. 1980 च्या आसपासची गोष्ट. विकत घ्यावयास पैसे नव्हते. पण गाळेवाले चाचा दिवसाला चार आणे घेऊन अंक वाचावयास देत, आणि चार आणेही नसले तर बाकड्यावर बसून वाचू देत. अट एकच : पान दुमडावयाचे नाही. त्या बाकड्यावर आम्ही वाचावयास शिकलो. शाळेत अक्षरे शिकलो होतो. वाचावयास शिकलो ते वेताळामुळे.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने 1964 साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. ती 1990 साली बंद पडली. त्यात वेताळ होता, जादूगार मँड्रेक होता, आणि 1976 पासून आबिद सुरतींचा बहादूर होता. अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ 1967 पासूनची. ती घरात आणली तर वडीलधारी रागावत नसत, कारण तीत देवादिक असत. प्राण यांचे चाचा चौधरी हिंदीतून येत. आणि 1986 पासून दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज येऊ लागला. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढलेली होती, हे आम्हांला कितीतरी वर्षांनी कळले. नागनाथाच्या गावात नागराज खपला नसता तरच नवल.

मंडळी, चित्रकथेत एक गंमत असते, ती हमालाच्या पोराला लवकर उमगली. एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली असते. पुढच्या चौकटीत बदमाश जमिनीवर पडलेला असतो, त्याच्या जबड्यावर कवटीची खूण उमटलेली असते. ठोसा कुठे आहे? ठोसा काढलेलाच नाही. तो दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत आहे, आणि तो वाचकाने मारावयाचा आहे. म्हणजे मधली हमाली वाचकाकडे, आणि तीही बिनपगारी! पण ती करताना जो आनंद होतो त्यामुळेच पोर पान उलटते. चित्रकार जितके कमी काढील तितके वाचकाचे हात अधिक चालतात.

पुढे संघटनेत आलो तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडली. हमालीच्या दराचा करार दहा पानांचा असतो. तो हमालास वाचून दाखविला तर निम्मे पेंगतात. आम्ही एका कागदावर सहा चौकटी काढू लागलो. पहिलीत पोते काट्यावर, दुसरीत मापाड्याचा हात, तिसरीत आडत्याची पट्टी, असे. शेवटची चौकट मुद्दाम मोकळी ठेवीत असू, आणि खाली लिहीत असू : ‘तुझ्या हातात किती पडले ते येथे लिही.’ चित्रे सुमार होती. माणसांचे पाय आम्हांला अजून नीट काढता येत नाहीत, म्हणून आमचे सगळे हमाल पोत्यांच्या मागे उभे असतात. पण त्या मोकळ्या चौकटीत जे आकडे लिहून आले, त्यांनी वाटाघाटींत आमची बाजू भक्कम केली.

नाद वाढत गेला. अंकांचे क्रमांक, हरवलेले क्रमांक, अदलाबदल. दोन चाचा चौधरींवर एक वेताळ असा आमचा बाजारभाव होता. एक कंडक्टर मित्र परभणीच्या रद्दीवाल्याकडून अंक शोधून आणीत. आता या नादाच्या लोकांचे मोठाले मेळावे भरतात. दिल्लीत 2011 साली पहिला भरला आणि मग मुंबईलाही भरू लागले. आमचा मेळावा म्हणजे तीन माणसे आणि एक पत्र्याची ट्रंक.

प्रेम आंधळे नसावे, म्हणून हेही सांगून टाकतो. आम्ही चळवळीत आलो, जरा शहाणे झालो, आणि जुना वेताळ पुन्हा वाचला तेव्हा कपाळावर आठी पडली. जंगलातल्या कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला एक गोरा माणूस, आणि त्याच्या आज्ञेत राहणारे तिथले मूळचे लोक. एकवीस पिढ्या राज्य त्याचे आणि पहारा त्यांचा! हे आमच्या ध्यानात दहाव्या वर्षी आले नाही, तिसाव्या वर्षी आले. बहादूर आम्हांला त्या मानाने जवळचा. तो डाकूचा मुलगा. आणि तो एकटा लढत न बसता गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. म्हणजे त्याने संघटना बांधली. असे असूनही, खरे सांगावयाचे तर, ट्रंक उघडल्यावर हात आधी वेताळाकडेच जातो. तत्त्व एकीकडे ओढते आणि बालपण दुसरीकडे.

ज्यांनी ही चित्रे काढली त्यांचे काय झाले, हाही आमच्या धंद्यातला प्रश्न. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन निर्माण केला. 1938 साली त्यांनी त्याचे सारे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले. कंपन्यांनी त्यावर किती कमावले, त्याचा अंदाज आपणच करा. दोघांचे पुढचे आयुष्य ओढगस्तीत गेले. 1975 साली नील अ‍ॅडम्स नावाच्या तरुण चित्रकाराने आणि इतर सहव्यवसायी मंडळींनी आवाज उठविला, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला वीस वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन लावले आणि चित्रकथेवर त्यांची नावे परत छापावयाचे कबूल केले. उडणारा माणूस निर्माण करणाऱ्यांनासुद्धा शेवटी भाऊबंदांच्या जुटीनेच उचलावे लागले.

आता दुसऱ्या नादाकडे वळतो. त्याची वाट वेताळाकडूनच जाते. वेताळ आणि मँड्रेक हे दोघेही ली फॉक या एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले. मँड्रेक 1934 साली आणि वेताळ 1936 साली. हा गृहस्थ चित्रकथा लिहीत असतानाच नाटकवालाही होता. त्याने सुमारे तीनशे नाटकांची निर्मिती केली आणि शंभराच्या आसपास स्वतः बसविली. 1999 साली वारला तोवर त्याच्या चित्रकथा चालूच होत्या. हे वाचले त्या दिवशी आम्ही घरात मोठ्याने म्हणालो, ‘पाहा, जगात दोन नादांचा आणखी एक माणूस होता!’ आतून उत्तर आले, ‘त्याच्या बायकोला विचारा.’ त्या उत्तराकडे पुढे येतो.

आपल्या गावची महाशिवरात्रीची यात्रा. लहानपणी तमाशाच्या कनातीखालून पोट घासत आत शिरण्यात आम्ही तरबेज होतो. नाच-गाण्यात आमचे लक्ष नसे. आम्ही वाट पाहत असू बतावणीची. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहत आणि बोलू लागत. तीन रात्री ओळीने पाहिले तर तिन्ही रात्री बोलणे निराळे. पहिल्या रात्री औंढ्याच्या तळ्यावर, दुसऱ्या रात्री पाटलाच्या नव्या चपलेवर, तिसऱ्या रात्री चक्क कनातीखालून शिरणाऱ्या पोरांवर! हे लिहिलेले नाही, हे जागच्या जागी रचले जाते, हे कळले तेव्हा अंगावर काटा आला. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ ज्यांनी पाहिले ते सांगतात की त्यात दर प्रयोगाला नवी भर पडे. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 साली आले. वग लिहिलेला होता, पण दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाचे वर्तमानपत्र घालीत. आणि ही मंडळी कोण होती? कोंडके अपना बाजारात नोकरी करीत होते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते. राम नगरकरांचा घरचा धंदा केशकर्तनाचा. दिवसा पोटाचे काम आणि रात्री सेवादलाचे कलापथक. आमच्या चळवळीतही तेच : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 साली लालबावटा कलापथक काढले, तेव्हा अण्णाभाऊ गिरणीत राबून आलेले आणि अमर शेख गाडीवर क्लीनर राहिलेले.

या कलेचा सर्वांत कडक नमुना पाहावयाचा तर सिंधुदुर्गातला दशावतार पाहावा. तेथे संहिताच नसते. खेळाआधी आख्यान कोणते आणि कोणी काय व्हावयाचे एवढे ठरते. बाकी राजाचे भाषण, राक्षसाची गर्जना, नारदाची कळ, सगळे रंगमंचावर सुचेल तसे. समोरच्याने जे म्हटले ते झेलून पुढे जावयाचे. आणि हे नट पावसाळ्यात आपापल्या शेतात चिखल तुडवितात. दिवाळी उलटली की पेटारा उचलतात, तो पावसाआधी खाली ठेवतात. ही वर्षाची वाटणी ध्यानात ठेवा.

पश्चिमेकडेही हा खेळ आहे, आणि त्याचा उगम आम्हांला आवडतो. व्हायोला स्पोलिन नावाची बाई शिकागोत गोरगरिबांच्या आणि परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत काम करीत असे. भाषा निराळ्या, शाळा नाही, संकोच फार. 1939 ते 1941 या काळात, मंदीत काढलेल्या सरकारी रोजगार योजनेखाली, तिने या लोकांसाठी नाटकाचे लहान लहान खेळ रचले. तिच्या मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी 1959 साली शिकागोत ‘सेकंड सिटी’ हे नाट्यगृह काढले. तेथून उत्स्फूर्त विनोदाची लाट जगभर गेली. आज मोठ्या शहरांत तिकीट काढून जो खेळ पाहतात, तो बेकारांच्या दिवसांत गरिबांच्या वस्तीत जन्मला, हे पाहणाऱ्यांस कोणी सांगत नाही.

या खेळाचा नियम म्हणजे समोरच्याचे बोलणे नाकारू नये. सरदाराने विचारले, ‘काय रे, घोडा कुठे बांधलास?’ की सोंगाड्याने ‘कसला घोडा?’ म्हणावयाचे नसते. तसे म्हटले की खेळ तेथेच मेला. त्याने म्हणावे, ‘तुमच्याच खोलीत बांधलाय सरदार, बाईसाहेबांनी त्याला चहा दिला.’ आता घोडा आहे, खोली आहे, बाईसाहेब आहेत आणि भांडणही आहे. आम्ही पाच हमालांनी 1998 साली मोंढ्यातल्या पिंपळाखाली रात्री हा खेळ सुरू केला. पहिले वाक्य बघणाऱ्यांतल्या कोणीही द्यावे आणि आम्ही त्यावर अर्धा तास काढावा. सुरुवातीला पाच मिनिटांतच घाम फुटे. क्विंटलचे पोते बरे, असे वाटे.

यात आम्ही एक चूक केली. एका बाजारपेठेतल्या दारसभेत आम्ही एका मुनिमाची नक्कल केली. तो बोलताना अडखळत असे. आम्ही तसे अडखळलो, आणि मोंढा हसून हसून लोळला. आम्हांला वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी कळले की काट्यातल्या फरकाचा आकडा रात्री आमच्या माणसाच्या कानात सांगणारा हाच मुनीम होता. त्यानंतर त्याने कधी काही सांगितले नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने पाणी दिले, चहा दिला, आणि बोलला एकच वाक्य. तेही अडखळत : ‘लोक हसतच होते, तुम्ही हसत नव्हता म्हणून बरे वाटे.’ सोंगाड्याने पगडीकडे पाहून हसवावे. माणसाच्या जिभेकडे, पायाकडे, जातीकडे पाहून नव्हे. हे कोणत्याही गुरूने आम्हांला सांगितले नव्हते, आणि सांगून कळले असते असेही नाही.

उलट, एक दिवस याच खेळाने लाजही राखली. एका ठिकाणी सभा भरली असता सांगण्यात आले की गोदामाच्या दारासमोर उभे राहावयाचे नाही, मागे जा. पोरे चिडली. दगड उचलले जाणार, हे दिसत होते. आम्हांला आपल्या देवळाची आठवण झाली. नामदेवरायांना समोर कीर्तन करू दिले नाही. ते मागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आपल्याकडची कथा. आम्ही ओरडलो, ‘चला रे, मागे! देऊळ फिरते का बघू!’ आणि टाळ्या वाजवीत, गजर करीत मागे निघालो. सभेबरोबर बघे निघाले, बघ्यांबरोबर चहावाला निघाला, आणि थोड्या वेळाने गोदामाचा मालकही काय चालले आहे ते पाहावयास मागच्या दारात आला. बोलणी त्याच दारात झाली. हे आधी ठरवून सुचले नसते.

इतके दिवस आम्ही समजत होतो की हे दोन नाद निराळे आहेत आणि आम्ही दोन दगडांवर पाय ठेवून आहोत. एका अधिवेशनाच्या निमित्ताने कुडाळला गेलो, तेथून जवळच पिंगुळी. तेथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा पाहिली, आणि खाली बसलो ते उठवेना. एका पोथीत तीस ते पन्नास सुटी चित्रे. कथेकरी एक चित्र उभे धरतो, गातो, पात्रांच्या तोंडून बोलतो. मग ते बाजूला सारून पुढचे धरतो. दोन चित्रांच्या मधली ती पांढरी पट्टी, जी आम्ही स्टँडवरच्या बाकड्यावर मनाने भरीत होतो, ती हा माणूस तोंडाने, वीणेने आणि हुडुकाने भरीत होता! बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. म्हणजे आमचे दोन्ही नाद आठशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या अंगात होते. ते पुढे केव्हातरी वेगळे निघाले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय मांडले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपण मराठवाड्याच्या मंडळींनी मान खाली घालण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातली पैठणची चित्रे याच घराण्यातली. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक दाखवून झाले की उलटे करावे. ती आता पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. गोदाकाठी ती दाखविणारे मात्र उरले नाहीत.

आता हिशेबाच्या त्या बाजूला येतो, जी सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

2006 सालच्या उन्हाळ्यात, हळदीच्या ऐन हंगामात, आम्ही पाच जण दोन दिवस शेजारच्या तालुक्यात खेळ करावयास गेलो. दराची बोलणी चार दिवसांनी होती. ती अलीकडे ओढली गेली. निरोप आला तेव्हा आम्ही तोंडाला पीठ लावून उभे होतो, आणि लोक हसत होते. आम्ही निरोप खिशात घातला. खेळ पुरा केला. पहाटे मोंढ्यात पोचलो तेव्हा करार झालेला होता. आम्ही पोत्यामागे एक रुपया वाढ मागितली होती. मिळाले साठ पैसे. आमच्या जागी जी पोरे बसली, ती प्रामाणिक होती. पण मागच्या तीन वर्षांचे आकडे आमच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. चाळीस पैसे म्हणजे काही नाही असे वाटेल. माणशी दिवसाला चाळीस पोती धरा. सोळा रुपये होतात. ते सोळा रुपये प्रत्येक हमालाच्या घरातून, दर कामाच्या दिवशी, पुढचा करार होईपर्यंत गेले.

सर्वसाधारण सभेत एक म्हातारा हमाल उठला. तो आमच्या वडिलांच्या टोळीतला. तो म्हणाला, ‘लेकरा, तू हसवतोस ते आम्हांला आवडते. पण त्या दिवशी तू कोणाला हसवत होतास?’ आम्ही राजीनामा दिला. सभेने तो घेतला नाही. पण टाळ्याही वाजविल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभर दोन्ही नाद बंद ठेवले. ट्रंकेला कुलूप, पिंपळाखाली अंधार. मंडळी, त्या वर्षी आम्ही चांगले काम केले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. आम्ही चिडखोर झालो. बैठकीत समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधी उत्तर देऊ लागलो. भाषणे लांबली. त्याच म्हाताऱ्याने एक दिवस विचारले, ‘पत्र्याची पेटी गंजली का रे?’ तेव्हा पुन्हा सुरुवात केली. पण दशावतारी मंडळींची वाटणी पाहून. आठवड्याचा हिशेब सोडला आणि वर्षाचा धरला. हळद मोंढ्यात येऊ लागली की तिचा जोर ओसरेपर्यंत कोणताही नाद नाही. सुचले तर वहीत टिपावयाचे आणि वही मिटावयाची. पावसाळा चित्रांचा, कारण तेव्हा बाहेर उभे राहता येत नाही आणि हातालाही जरा विसावा असतो. दिवाळीनंतर यात्रांचे दिवस येतात, ते खेळाचे. आणि आकडे डोक्यात ठेवावयाचे नाहीत. तीन जणांच्या वहीत असलेच पाहिजेत. आम्ही उद्या नसलो तरी चाळीस पैसे जावयाचे नाहीत, अशी व्यवस्था केली. ती खरे म्हणजे पहिल्याच वर्षी करावयास हवी होती. नाद नसता तरीही.

दुसरा हिशेब घरचा. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. आम्ही हे वाक्य शेकडो सभांत म्हटले आहे. 1969 साली माथाडी कायदा झाला, तेव्हा हमालालाही कायद्यात जागा मिळाली. आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, ही जगभरच्या कामगारांची जुनी मागणी. एके रविवारी हे भाषण घरी मोठ्याने घोकत होतो. सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी विचारले, ‘हा रविवार कोणाला मिळाला म्हणता?’

आम्ही कागद खाली ठेवला. ट्रंक आवरणे, पीठ लागलेले कपडे धुणे, रात्री दोनला आलेल्या पाच सोंगाड्यांना पिठले-भाकरी वाढणे. आमच्या दोन नादांची हमाली तेवीस वर्षे दुसऱ्याच माणसाने केली होती, आणि तिचा दर कोणत्याही करारात नव्हता. आता दर बुधवारी संध्याकाळी त्या भजनी मंडळात जातात आणि स्वयंपाक आमच्याकडे असतो. वरण बरे जमते. भाकरीला अजून गोल आकार येत नाही. त्यांचे म्हणणे असे की तीही आयत्या वेळी सुचेल तशी होते.

ट्रंकेतले अंक आता कमी झाले आहेत. एका लांबलेल्या बंदाच्या दिवसांत घरात धान्य उरले नाही, तेव्हा साठएक वेताळ एका शहरी संग्राहकाला विकले. त्याने दिलेल्या पैशांत आमच्यासकट पाच घरांचा महिना निघाला. आम्हांला त्याचा अभिमान वाटतो, असे लोकांना सांगत असतो. खरे म्हणजे त्यातल्या एका अंकाची आठवण झाली की आजही जीव थोडा होतो. गाळेवाल्या चाचांनी तो आम्हांला सातवी पास झालो म्हणून फुकट दिला होता, आणि आम्ही तो चुकून त्या गठ्ठ्यात जाऊ दिला.

उरलेले अंक आज बरोबर आणले आहेत. ट्रंक त्या खांबापाशी आहे. मुलांनी खुशाल बसून वाचावे, चार आणे लागणार नाहीत. अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने आमचे चार सोबतीही आले आहेत. आभार झाले की आपल्यापैकी कोणीही पहिले वाक्य द्यावे. फक्त घोड्यावरचे देऊ नये. तो मघाशी बांधून झाला. आणि मुलांनो, पान दुमडावयाचे नाही.